आमच्या शहरांतील वेगवान रथ

ज्या नगरीस मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी या नांवानें वसविलें, जी पुढें फत्तेनगर व नंतर औरंगाबाद झाली आणि २०२३ सालापासून छत्रपति संभाजीनगर या नांवानें ओळखली जाऊं लागली, त्या आमच्या नगरीविषयीं परगांवचा पाहुणा प्रथम दोनच प्रश्न विचारतो: वेरूळ किती लांब, आणि अजिंठ्यास एका दिवसांत जाऊन येतां येईल काय? लेण्यांविषयीं लिहिण्याचा अधिकार आमचा नव्हे; तें काम विद्वानांनीं पुष्कळ केलें आहे. आम्ही आज जिच्याविषयीं लिहिणार आहों ती वस्तु आमच्या घरासमोर कडुलिंबाच्या सावलींत उभी असते. तिला चार चाकें आहेत, आणि ती आल्यापासून आमच्या घरांतील तीन पिढ्यांचें एकमेकांशीं बोलणें थोडें बदललें आहे. विषय कित्येकांस क्षुल्लक वाटेल. तरी शहर ओळखावयाचें तर तें ज्या वाहनांतून पाहिलें जातें त्यांचाहि विचार करावा लागतो, असें आमचें मत आहे.

आमच्या लहानपणीं स्टेशनवरून शहरांत यावयाचें तर टांगा करावा लागे. टांगेवाला घोड्याशीं घरच्या माणसाप्रमाणें बोले, आणि चढ आला कीं आम्हां मुलांस खालीं उतरून चालावयास लावी. पुढें आम्ही शाळेंत शिक्षक म्हणून लागलों तेव्हां सायकल घेतली. १९८५ सालीं वाळूज येथें बजाजचा कारखाना सुरू झाला आणि हां हां म्हणतां शहराचा रागरंग पालटला. आसपासच्या खेड्यांतलीं मुलें डबा घेऊन सकाळच्या पाळीस जाऊं लागलीं. ज्या घरापुढें सायकल असे त्या घरापुढें स्कूटर आली. आमच्याहि आली. पुढें एक मूल उभें, मागें सौ., तिच्या मांडीवर दुसरें मूल व हँडलला भाजीची पिशवी, अशा थाटांत आम्ही नाथषष्ठीस पैठणपर्यंत गेलेलों आहों. मांडीवरचें तें मूल म्हणजेच सध्यांच्या रथाचा मालक.

जालना रस्त्यानें चिकलठाण्याचा विमानतळ मागें टाकून पूर्वेस गेलें म्हणजे शेंद्रा लागतें. हें गांव पूर्वीं मांगीरबाबाच्या यात्रेसाठीं मराठवाड्यांत सर्वांस ठाऊक होतें. तेथील औद्योगिक वसाहतींत स्कोडा या चेक कंपनीनें २००१ सालीं गाड्या जोडण्यास आरंभ केला. तिच्या पहिल्या गाडीचें नांव ऑक्टेव्हिया. लॅटिन भाषेंत ह्याचा अर्थ आठवी, म्हणजे आपल्याकडे जिला अष्टमी म्हणतां येईल अशी. पुढें २००७ च्या सुमारास त्याच कारखान्यांत जर्मनीच्या ऑडी गाड्याहि जोडल्या जाऊं लागल्या. ह्या दुसऱ्या नांवाची कथा आम्हांस फार आवडते, कारण तींत एक विद्यार्थी आहे. ऑगस्ट हॉर्च नांवाच्या अभियंत्यानें १९०९ सालीं स्वतःच स्थापलेली कंपनी सोडून दुसरी काढली. पहिल्या कंपनीनें न्यायालयांत जाऊन त्यास त्याचेंच आडनांव वापरण्याची मनाई करविली. आतां नवें नांव काय द्यावें, म्हणून एका भागीदाराच्या घरीं खल चालला असतां, कोपऱ्यांत लॅटिनचा अभ्यास करीत बसलेला त्या भागीदाराचा मुलगा म्हणाला कीं, ‘हॉर्च’ म्हणजे जर्मन भाषेंत ‘ऐक’. त्याचेंच लॅटिन रूप ‘ऑडी’ कां ठेवूं नये? मोठ्या माणसांनीं त्या मुलाचें ऐकलें आणि तेंच नांव कायम झालें. आम्हीं वर्गांत आज्ञार्थाचीं रूपें शिकवितांना ‘शृणु’ हें रूप शेंकडों वेळां फळ्यावर लिहिलें. परंतु एका आज्ञार्थी रूपाची किंमत इतकी होऊं शकते हें विद्यार्थ्यांस सांगण्याची संधि निवृत्तीनंतर सांपडली, हें आमचें दुर्दैव.

कारखाना आला म्हणून त्यांत तयार होणारी वस्तु कारखान्याच्या गांवीं विकत घेतली जातेच असें नाहीं. आमच्या शहरानें ह्या बाबतींत जो विक्रम केला तो मात्र निराळ्याच गाडीचा. २०१० सालच्या ऑक्टोबरांत येथील उद्योजक, व्यापारी व डॉक्टर मंडळींनीं एकत्र येऊन एकाच दिवशीं सुमारे दीडशें मर्सिडीझ गाड्या घेतल्या. किंमत पासष्ट कोटि रुपये. त्यांपैकीं चाळीस कोटींहून अधिक रक्कम स्टेट बँकेनें सात टक्के व्याजानें कर्जाऊ दिली. मागासलेल्या प्रदेशांतील शहर म्हणून आम्हांस कोणी पुसत नाहीं, तेव्हां जगाचें लक्ष इकडे वेधावें, असा घेणारांचा हेतु सांगितला गेला. आणि लक्ष वेधलें गेलें हेंहि खरें. परंतु त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पी. साईनाथ यांनीं दाखवून दिलें कीं, ह्याच जिल्ह्यांत ट्रॅक्टरसाठीं घेतलेल्या कर्जावर दुपटीहून अधिक दरानें व्याज भरावें लागत होतें. आम्हीं तो मजकूर त्या वेळीं वर्गांत गणिताच्या तासास दिला. मुलांनीं दोन्ही कर्जांचें व्याज अचूक काढलें, पण एका मुलानें विचारलें, “सर, ह्यांत उदाहरण कुठलें आणि अपवाद कुठला?” त्यास आम्हीं पूर्ण गुण दिले, दुसरें काय देणार?

असो. आमच्या घरची गाडी त्या दीडशांतली नव्हे. चिरंजीव अभियंता आहेत; त्यांनीं २०२२ सालीं ती आपल्या कमाईंतून व बँकेच्या हप्त्यांवर घेतली. तिच्या कंपनीचें नांव आम्ही येथें देत नाहीं. स्तुति केली तर जाहिरात होईल आणि उणें काढलें तर चिरंजीव दोन दिवस बोलणार नाहींत. वर्णन इतकेंच करतों कीं, ती चार दारांची, लांब, खालीं बसलेली अशी आहे, आणि धांवावयास सज्ज झालेल्या जनावरासारखी दिसते. श्रीकृष्णाच्या रथास शैब्य, सुग्रीव, मेघपुष्प व बलाहक असे चार अश्व होते. आमच्या गाडीस, चिरंजीवांच्या म्हणण्याप्रमाणें, जवळजवळ दोनशें आहेत.

हे दोनशें अश्व समर्थनगरच्या गल्लींत काय करतात, हा प्रश्न आमच्या सौ.नीं पहिल्याच दिवशीं विचारला. उत्तर असें कीं, गतिरोधक ओलांडतात, आणि तेंहि तिरपें होऊन. बारा अंगुळांची एक वीत. ह्या गाडीचें पोट जमिनीपासून आठ अंगुळांवर आहे. आणि आमच्याकडील गतिरोधक कसे असतात हें ज्यानें पाहिलें आहे त्यास अधिक सांगणें नको. कोणी उत्साही गृहस्थ आपल्या दारापुढें रातोरात एक उंचवटा घालतो, त्यावर पांढरे पट्टे नसतात, आणि तो बुटक्या देवळाच्या उंबरठ्याएवढा असतो. पहिल्या महिन्यांत असा एक उंबरठा गाडीच्या पोटास लागला. तो आवाज ऐकून चिरंजीवांचा चेहरा जसा झाला तसा त्यांच्या मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशींहि झाला नव्हता. तेव्हांपासून घरच्या प्रत्येकास शहरांतील गतिरोधकांचा भूगोल मुखोद्गत आहे. गुलमंडीस सुपारी हनुमानाच्या दर्शनास जावयाचें तर गाडी घरींच राहते व आम्ही रिक्षानें जातों. पैठण दरवाजा, भडकल दरवाजा, मकाई दरवाजा हे हत्तींच्या अंबाऱ्या जातील असे उंच बांधले. पण दोन गाड्या समोरासमोर आल्या कीं त्यांच्या कमानींत जो गोंधळ होतो त्यांत दोनशें अश्वांस एका सायकलवाल्यापुढें मान तुकवावी लागते.

दुसरी अडचण पाण्याची. गेलीं कित्येक वर्षें ह्या शहरांत नळास रोज पाणी येत नाहीं. चार दिवसांनीं, पांच दिवसांनीं, आणि उन्हाळ्यांत त्याहूनहि उशिरा येतें. पैठणास नाथसागराएवढा जलाशय भरलेला असतां त्यापासून पन्नास किलोमीटरांवर ही स्थिति. अशा गांवीं नळीनें गाडी धुण्याचें धाडस जो करील त्यास शेजारी कांहीं बोलत नाहींत, नुसतें पाहतात. सौ.नीं नियम केला: भाजी धुतलेलें पाणी झाडांस, आणि गाडीस फक्त ओलें फडकें. त्यामुळें गाडीचा काळा रंग मार्गशीर्षापासून मृगापर्यंत बहुधा करडाच असतो.

परंतु गाडीस केवळ अडचणींनीं मोजलें तर तिच्यावर अन्याय होईल. तिचें खरें रूप समृद्धि महामार्गावर दिसतें. नागपूर ते मुंबईजवळचें आमणें हा ७०१ किलोमीटरांचा मार्ग. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला आणि शेवटचा ५ जून २०२५ रोजीं. आमच्या शहराच्या उत्तरेस सावंगीजवळून त्यावर चढतां येतें. दुचाकीस व रिक्षास तेथें मज्जाव आहे. मोटारीस ताशीं १२० किलोमीटरांची मर्यादा. पहिला टप्पा सुरू झाल्यावर चिरंजीवांनीं आम्हांस शेजारीं बसवून शिर्डीस नेलें. शंभराच्या वर कांटा गेला तरी आंत बसलेल्यास कांहीं कळत नाहीं. पेल्यांतलें पाणी हलत नाहीं. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत कालिदासानें रथाच्या वेगाचें वर्णन केलें आहे. धांवत्या रथांतून वस्तूंचे आकार व अंतरें कशीं फसवीं वाटतात, तें. तें आम्हीं वर्षानुवर्षें अन्वयासह शिकविलें, आणि त्याचा अर्थ आम्हांस वैजापुराच्या अलीकडे कळला. एक मालमोटार क्षितिजावर मुंगीएवढी दिसली आणि ‘दिसली’ असें म्हणेपर्यंत ती मागें गेली.

त्या क्षणीं आनंद झाला हें लपविण्यांत अर्थ नाहीं. आम्ही चिरंजीवांकडे पाहिलें. त्यांचे दोन्ही हात चाकावर, नजर पुढें, आणि मुद्रा शांत. लहानपणीं पतंग उडवितांना हीच मुद्रा असे. मनुष्यास जें मनापासून आवडतें तें करतांना त्यास पाहणें हें बापास वारंवार लाभणारें सुख नव्हे. परंतु बापाचें मन विचित्र असतें. तें सुख भोगतां भोगतांच हिशेब करूं लागतें. ताशीं १२० किलोमीटर म्हणजे सेकंदास तेहतीस मीटरांहून अधिक. एकदां पापणी लवली कीं आमच्या घराच्या अंगणाएवढें अंतर गेलें. पुढें सहा-सात महिन्यांतच, १ जुलै २०२३ च्या पहाटे, ह्याच मार्गावर सिंदखेडराजाजवळ बसला आग लागून पंचवीस प्रवासी दगावले. ती बातमी ऐकल्यावर चिरंजीव आपण होऊन म्हणाले, “बाबा, रात्रीं मी त्या रस्त्यानें जाणार नाहीं.” तें त्यांनीं आजवर पाळलें आहे.

मागच्या आसनावरील पट्टा हा आमच्या घरांत वर्षभर चाललेला दुसरा वाद. सौ.चें म्हणणें, लुगड्यावर तो पट्टा चुरगाळतो आणि मागें बसणारास कसली भीति? सप्टेंबर २०२२ मध्यें सायरस मिस्त्री यांचा पालघरजवळ अपघाती अंत झाला. ते अशाच एका किंमती गाडींत, मागच्याच आसनावर, पट्टा न लावतां बसले होते. सूनबाईंनीं ती बातमी सासूस वाचून दाखविली आणि कांहीं न बोलतां तिचा पट्टा स्वतः लावून दिला. आतां सौ. गाडींत बसल्या कीं प्रथम पट्टा शोधतात आणि मग पदर सांवरतात.

आतां मुख्य गोष्टीकडे वळतों. चिरंजीवांस २०२४ च्या श्रावणांत दोन वर्षांच्या कामासाठीं जर्मनीस जावें लागलें. गाडीच्या किल्ल्या दोन. एक सूनबाईंकडे, त्या गाडी नवऱ्यापेक्षां सफाईनें चालवितात असें आमचें प्रामाणिक मत आहे, आणि हें वाक्य जर्मनींत वाचलें जाईल याची आम्हांस जाणीव आहे. दुसरी किल्ली आमच्या स्वाधीन करण्यांत आली. ती देवघरालगतच्या लांकडी पेटींत असते. आणि घरांत एक नातू आहे, त्यास अठरावें वर्ष अजून लागावयाचें होतें.

गेल्या दिवाळीच्या सुटींत एका सकाळीं तो आमच्याजवळ येऊन बसला. आमचे पाय चेपूं लागला. अनुभवी शिक्षकास यापुढचें वाक्य काय असेल हें सांगावें लागत नाहीं. “आबा, दुसरी किल्ली द्या ना. गल्लींतल्या गल्लींतच. आई कॉलेजांत आहे.”

आम्ही नाहीं म्हणालों. त्यानें कारण विचारलें. आम्हीं वय सांगितलें. त्यावर तो म्हणाला, “पण बाबांनीं मला शिकवलीय. जायच्या आधीं चार रविवार आम्ही बायपासपलीकडच्या मैदानावर जात होतों.”

हें आम्हांस ठाऊक नव्हतें. सूनबाईंसहि नव्हतें. नातू खोटें बोलत नव्हता, आणि म्हणूनच प्रश्न अवघड झाला. कारण आतां नकार नातवास द्यावयाचा नसून त्याच्या बापानें दिलेल्या संमतीस द्यावयाचा होता.

वाचकांस पुण्यांतील ती घटना स्मरत असेल. १९ मे २०२४ च्या रात्रीं कल्याणीनगरांत सतरा वर्षांच्या मुलानें चालविलेल्या एका अतिवेगवान परदेशी गाडीनें दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा, एक मुलगा व एक मुलगी, जीव घेतला. कांहीं तासांतच त्यास जामीन मिळाला आणि अपघात या विषयावर तीनशें शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालण्यांत आली. आम्हीं आयुष्यभर निबंध लिहवून घेतले व तपासले. निबंध ही शिक्षा नव्हे, तें विद्येचें एक अंग आहे. त्यास शिक्षा म्हणून वापरलेलें पाहून आम्हांस त्या दिवशीं दोन्ही अर्थांनीं वाईट वाटलें. पुढें लोकांचा क्षोभ झाला व त्या मुलास निरीक्षणगृहांत धाडण्यांत आलें. त्याच्या वडिलांस पोलिसांनीं ताब्यांत घेतलें तें आमच्याच शहरांतून. म्हणून ती बातमी येथें जरा अधिक जवळून वाचली गेली.

मोटार-वाहन कायद्यांत २०१९ सालीं जें १९९ अ हें कलम घातलें गेलें तें आम्हीं त्या वेळीं मुद्दाम पाहिलें होतें. अज्ञान मुलानें गाडी चालवून गुन्हा केला तर पालक अथवा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलास पंचविसावें वर्ष पुरें होईपर्यंत परवाना नाहीं. आम्हीं तें नातवास समजावून सांगितलें. तो हुशार आहे, त्यानें ऐकून घेतलें आणि म्हणाला, “म्हणजे तुम्हांला तुरुंगाची भीति वाटते.” त्यानंतर चार दिवस तो आमच्याशीं बोलला नाहीं. जेवतांना आजीकडून मीठ मागून घेई. तें आमच्या हाताजवळ असे.

पांचव्या दिवशीं रात्रीं आम्हीं चिरंजीवांस फोन केला. सूनबाई शेजारीं बसल्या होत्या. आम्हीं रागावण्याचें टाळलें. पन्नाशीकडे झुकलेल्या मुलास रागें भरण्यांत शोभा नसते. इतकेंच विचारलें कीं, तूं सतरा वर्षांचा असतां आमची स्कूटर मागितली होतीस, तेव्हां आम्हीं काय उत्तर दिलें होतें? पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “तुम्हीं दिली नव्हती. आणि मी चार महिने त्याचा राग धरला होता. म्हणूनच तर ह्याला मी—” वाक्य पुरें झालें नाहीं.

तें ऐकून आम्हांस जें वाटलें तें लिहिण्याजोगें शब्द आमच्यापाशीं नाहींत. एका स्कूटरचा नकार तीस वर्षें एका मनांत कोठेंतरी पडून राहतो आणि मग चार रविवारांच्या रूपानें बाहेर येतो. चिरंजीवांस मुलावर विश्वास दाखवावयाचा होता. आम्हांस नातू धडधाकट हवा होता. आणि सूनबाईंस ह्या दोघां पुरुषांनीं आपल्यास कांहींच विचारलें नाहीं याचें दुःख होतें. तेंहि त्यांनीं त्याच फोनवर स्पष्ट सांगितलें, आणि चांगलें सांगितलें. शेवटीं निकाल त्यांनींच केला. अठरा पुरीं होईपर्यंत चाकास हात लावावयाचा नाहीं. अठरा होतांच शिकाऊ परवाना काढावयाचा, आणि मग त्या स्वतः शेजारीं बसून शिकविणार, आणि तेंहि प्रथम त्यांच्या माहेरच्या जुन्या लहान गाडीवर. दुसरी किल्ली पेटींतच राहील, पण पेटीस कुलूप लावावयाचें नाहीं. ह्या शेवटच्या अटीचें आम्हांस आश्चर्य वाटलें. सूनबाई म्हणाल्या, “कुलूप लावलें तर तो कुलपाचाच विचार करील, बाबा.” छत्तीस वर्षें वर्गावर काढून जें आम्हांस सुचलें नसतें तें त्यांस सुचलें.

पौषांत आम्ही सगळीं घृष्णेश्वरास निघालों. सूनबाई चालवीत होत्या, आम्ही शेजारीं, मागें सौ. व नातू. देवगिरीपर्यंत रस्ता बरा आहे. किल्ल्याचा तो एकाकी डोंगर उजेडांत आला कीं यादवांची राजधानी, तुघलकानें दिल्लीहून आणविलेलें नगर, हें सर्व मनांत येतें. पण किल्ल्यापुढें गेलें कीं रस्ता जुन्या दिल्ली दरवाज्याच्या कमानींतून जातो आणि इतिहास संपून वाहतूक सुरू होते. त्या दिवशीं पलीकडून सहलीची बस अर्धी कमानींत शिरून थांबली होती, मागें ऊंसाच्या दोन बैलगाड्या, आणि आमच्या पुढ्यांत खडी उकरून झालेला मोठा खळगा. गाडी पुढें घ्यावी तर पोट टेकणार, मागें घ्यावी तर मागच्यांचे भोंगे वाजत होते.

नातू कोणी न सांगतां पट्टा सोडून खालीं उतरला. त्यानें बसच्या चालकास हात करून थोडें मागें घ्यावयास लावलें, मग रस्त्यावर एक गुडघा टेकून, मान वांकडी करून, गाडीच्या पोटाखालीं पाहूं लागला. सूनबाईंनीं कांच खालीं केली. “किती आहे रे?”

“चार बोटं आहेत अजून. डावं चाक दगडावर घे, आई. हळू. हळू. आबा, तुम्ही दार उघडूं नका.” आणि धुळीनें पांढरा झालेला हात हालवीत तो उलट्या पावलांनीं कमानीकडे चालूं लागला.